नाव कोणी गाळलं?

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



आपल्या परिवारातली बरीच मुलं-मुली आता कंपन्यांच्या एचआर खात्यात आहेत. पूर्वी घरात कोणी बँकेत, कोणी शाळेत, कोणी रेल्वेत असायचं, तसं आता एचआर. माणसं निवडायची, पगारवाढ ठरवायची, भांडणं मिटवायची आणि वेळ आली तर एखाद्याला घरीही पाठवायचं, असं हे काम. यातला मोठा भाग आता एआय करू लागलंय. एका जागेसाठी हजार अर्ज आले तर ते सगळे माणूस वाचत नाही. सॉफ्टवेअर वाचतं, गुण देतं, वरचे वीस-पंचवीस बाजूला काढतं, आणि उरलेल्यांना गोड भाषेत नकाराची मेलही तेच पाठवतं.

गेल्या महिन्यात सत्संगानंतर प्रसाद घेता घेता यातल्याच एका मुलीने विचारलं, "काकू, माझ्या नावाने रोज दोन-तीनशे जणांना नकार जातो. मी त्यातलं एकही नाव वाचलेलं नसतं. हे कर्म कोणाच्या खात्यावर?"

शेजारी बसलेल्या एका काकांनी लगेच उत्तर दिलं, "अगं, तू कर्ता आहेसच कुठे? तू निमित्तमात्र. करता करविता वेगळा आहे. कशाला भार घेतेस?"

मुलीला बरं वाटलं असावं. मला मात्र ते उत्तर घरी येईपर्यंत टोचत राहिलं. काकांचा भाव चांगला होता, शब्दही आपल्याच शिकवणुकीतले होते. पण ते भलत्या जागी लावले गेले असं मला वाटतं. म्हणून हे लिहायला बसले.

कर्तेपण सोडा, हे आपण वर्षानुवर्षं ऐकतो. सोडायचं म्हणजे नक्की काय? माझ्या समजुतीप्रमाणे, 'मी केलं म्हणून झालं' हा ताठा सोडायचा. श्रेय सोडायचं, फळावरचा हक्क सोडायचा. हातून घडलेल्या कामाची जबाबदारी सोडा असं कुठे सांगितलंय? पोळी करपल्यावर "मी निमित्त, खरं तर तव्यानेच केलं" असं म्हणणाऱ्या सुनेला आपण ब्रह्मज्ञानी म्हणू का? आणि गंमत बघा, पोळी टम्म फुगली की तव्याचं नाव कोणीच काढत नाही.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात सांगितलंय की कोणतंही कर्म घडायला पाच गोष्टी लागतात. अधिष्ठान म्हणजे ते जिथे घडतं तो आधार, कर्ता, करण म्हणजे साधनं, निरनिराळे प्रयत्न, आणि पाचवं दैव. कर्म न्यायाचं असो की अन्यायाचं, ही पाच कारणं असतातच. त्याच्या पुढेच असंही म्हटलंय की जो एकट्या स्वतःलाच कर्ता मानतो त्याला नीट दिसत नाही. काकांचं बोलणं बहुधा इथूनच आलं. पण 'मी एकटा कर्ता नाही' आणि 'मी कर्ता नाहीच' यांत केवढं अंतर आहे! पाचांच्या यादीतून कर्त्याचं नाव कोणी काढलेलं नाही. मग हे सॉफ्टवेअर कुठे बसतं? तिसऱ्या जागी, करणात. सुरी, लेखणी, तराजू यांच्या पंगतीला. फार हुशार तराजू असेल, पण तराजूच.

फरक एवढाच की हा तराजू बोलतो. "आपला अर्ज आम्ही काळजीपूर्वक वाचला, परंतु खेदाने कळवतो की..." अशी मेल येते. यातलं 'आम्ही' कोण? काळजी कोणी घेतली? खेद कोणाला झाला? माझी एक भाची घरातल्या आजारपणामुळे सहा-सात वर्षं नोकरीबाहेर होती. मुलगी मार्गी लागल्यावर तिने एका कंपनीत अर्ज केला, तोही रात्री साडेअकराला, सगळं आवरल्यावर. पंधरा मिनिटांत अशीच खेदाची मेल आली. मध्यरात्रीच्या सुमारास त्या ऑफिसात कोण खेद करत बसलं असेल?

आणि 'निमित्तमात्र' हा शब्दही जरा नीट बघू या. तो अर्जुनाला कधी सांगितला गेला? अकराव्या अध्यायात. पण त्याच्या कितीतरी आधी, पहिल्याच अध्यायात, अर्जुन म्हणतो की माझा रथ दोन्ही सैन्यांच्या मधोमध नेऊन उभा कर, मला कोणाशी लढायचंय ते पाहू दे. मग तो पाहतो. आजोबा, गुरू, मामा, भाऊ, एकेक चेहरा. हातातून धनुष्य गळेपर्यंत पाहतो. नंतर एवढा मोठा संवाद होतो आणि मग कुठे निमित्तमात्र हा शब्द येतो. चेहरे न पाहता, रथ मागेच ठेवून, 'मी निमित्त' म्हणायची सोय अर्जुनाला नव्हती. आपल्या मुलीने तर नावंसुद्धा वाचलेली नाहीत.

आता यंत्र चुकतं कसं ते पाहू, कारण पुष्कळांना वाटतं की यंत्राला आपपरभाव नाही, म्हणजे ते समदर्शी असणार. अॅमेझॉन कंपनीने २०१४ पासून अर्ज निवडणारं एक सॉफ्टवेअर तयार करायला घेतलं होतं. आपण वस्तूंना तारे देतो तसे ते उमेदवारांना एक ते पाच तारे द्यायचं. त्याला शिकवायला आधीच्या दहा वर्षांतले अर्ज दिले. त्या क्षेत्रात पुरुष जास्त, त्यामुळे अर्जही बहुतेक पुरुषांचे. यंत्र त्यातून शिकलं की पुरुष असणं बरं. अर्जात 'महिला' शब्द आला, म्हणजे समजा महिला बुद्धिबळ क्लबची कप्तान, की गुण कमी. फक्त मुलींच्या दोन कॉलेजांतून शिकलेल्या उमेदवारांचेही गुण कमी. दुरुस्त्या करून पाहिल्या, पण ते उद्या आणखी कुठल्या आडवाटेने हाच भेद करणार नाही याची खात्री देता येईना. शेवटी तो प्रकल्पच गुंडाळला. रॉयटर्सने २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये ही बातमी दिली. उमेदवारांची निवड आम्ही कधी त्यावर केली नाही, असं कंपनीचं म्हणणं.

त्या यंत्राला बायकांचा राग कोणी शिकवला नव्हता. घरातलं लहान मूल आपण सांगतो ते उचलत नाही, आपण वागतो ते उचलतं. तसंच झालं. आपण याला संस्कार म्हणतो. दहा वर्षांच्या वागण्याचा संस्कार यंत्रावर झाला, आणि त्याने तो मोठ्या निष्ठेने पाळला. समदर्शी व्हायला आधी दिसावं लागतं. यंत्राला माणूस दिसतच नाही, मागच्या माणसांशी त्याचा सारखेपणा तेवढा दिसतो.

दुसरी गोष्ट मला जास्त झोंबली, कारण मी स्वतः पन्नाशी ओलांडलेली आहे. आयट्युटरग्रुप नावाची कंपनी चीनमधल्या विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवायला अमेरिकेतून शिक्षक घ्यायची. अमेरिकेतल्या सरकारी समान-संधी आयोगाने २०२२ मध्ये तिच्यावर दावा लावला. आरोप असा की अर्ज घेणारं सॉफ्टवेअर पंचावन्न आणि त्यावरच्या बायकांना आणि साठ आणि त्यावरच्या पुरुषांना आपोआप बाद करत होतं. दोनशेहून जास्त लायक उमेदवार असे गेले, असं आयोगाने सांगितलं. कळलं कसं? एका अर्जदार बाईंनी तोच अर्ज जन्मतारीख अलीकडची टाकून पुन्हा भरला, आणि आता मुलाखतीचं बोलावणं आलं! कंपनीने दोष मान्य केला नाही, पण २०२३ मध्ये ३ लाख ६५ हजार डॉलर देऊन तडजोड केली.

यात एआयची अक्कल काहीच नव्हती. आयोगाचं म्हणणं खरं धरलं तर पंचावन्न हा आकडा कोणीतरी माणसाने बसून टाइप केला असणार. कोणी? ते बाद झालेल्या दोनशेंना कधीच कळलं नाही. मला भीती वाटते ती याची. यंत्र माणसाची जागा घेईल त्यापेक्षा, माणूस यंत्राच्या मागे जाऊन लपेल. बँकेच्या खिडकीवर "सिस्टीम घेत नाहीये" ऐकतो ना आपण, त्याची ही मोठी बहीण.

मग काय, पूर्वीचं बरं होतं? अजिबात नाही. पूर्वी आडनाव ऐकलं की अर्धा निकाल लागायचा. वशिला असायचा. मुलींना तोंडावर विचारायचे, लग्न कधी करणार, मूल कधी, सासरचे पाठवतील का. अजूनही विचारतात.

आम्हा बडोदेकरांना तर हे गावातच शिकायला मिळतं. नाशिककडच्या कवळाणे गावातला, शेतकऱ्याच्या घरचा बारा वर्षांचा गोपाळ १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला आणि तो सयाजीराव महाराज झाला. मुलांना आणून विचारलं, तुम्ही इथे कशासाठी आलात? तर गोपाळ म्हणाला, राज्य करायला. गोष्ट नेमकी अशीच घडली की मागाहून रंगली, देव जाणे. पण आजच्या रीतीने त्या मुलाचा अर्ज भरला असता तर शिक्षणाच्या रकान्यात काय लिहिलं असतं? कुठल्याही सॉफ्टवेअरने पहिल्या फेरीतच गाळला असता. त्याच मुलाने पुढे १९०६ मध्ये अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, आणि १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला धाडलं.

इथवर ऐकून आपण खूश होतो. पुढचं ऐकायला जड जातं. तेच बाबासाहेब १९१७ मध्ये करारानुसार संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला बडोद्यात आले, तर त्यांना राहायला कोणी जागा देईना. एका पारशी धर्मशाळेत जात लपवून राहावं लागलं, आणि काही दिवसांत काठ्या घेतलेल्या लोकांनी येऊन त्यांना बाहेर काढलं. त्यांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकत, असं त्यांच्या चरित्रांत वाचायला मिळतं. कमाटी बागेत ते झाडाखाली बसून रडले ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. इथे कुठे यंत्र होतं? दोन डोळ्यांची, देवधर्म करणारी माणसंच होती. समोरचा माणूस कोलंबियाहून शिकून आलाय हे कळूनही त्यांना दिसलं नाही.

तेव्हा 'माणूस असला की माणुसकी येते' असं मी म्हणणार नाही. मग माणूस हवाच कशाला? मी यावर बरेच दिवस विचार केला, आणि मला एकच कारण सापडतं. माणसाला लाज वाटू शकते. आज, शंभर वर्षांनीसुद्धा, ती गोष्ट सांगताना आम्हा बडोदेकरांची मान खाली जाते. काढणाऱ्यांपैकी एखाद्याला नंतर कधी रात्री झोप लागली नसेल, त्याने आपल्या मुलाला वेगळं वागायला सांगितलं असेल. पश्चात्तापाला निदान जागा असते. प्रायश्चित्त ही आपली जुनी सोय आहे, पण ते घ्यायला कोणीतरी 'हे मी केलं' म्हणणारं लागतं. एचआरवाला म्हणतो सॉफ्टवेअरने केलं, सॉफ्टवेअर बनवणारा म्हणतो आम्ही फक्त साधन विकलं, वरचे साहेब म्हणतात खर्च कमी करायचा होता. सगळे निमित्तमात्र! मग चूक झाली तर सुधारणार कोण? ती तशीच, न थकता, रोज तीनशेंच्या हिशेबाने चालू राहणार.

कायदेवाल्यांनाही हा पेच कळलाय. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या माहिती-संरक्षण कायद्यानुसार, ज्याचा आयुष्यावर मोठा परिणाम होतो असा निर्णय निव्वळ यंत्रावर सोडता येत नाही. थोडे अपवाद आहेत, पण त्यांतही साधारणपणे माणसाने लक्ष घालावं असं मागता येतं. २०२४ च्या त्यांच्या एआय कायद्याने नोकरभरतीतलं एआय जास्त जोखमीच्या गटात टाकलंय. न्यूयॉर्क शहरात २०२३ पासून अशा साधनांची भेदभावासाठी दरवर्षी बाहेरच्यांकडून तपासणी लागते. व्हिडिओ मुलाखतीत उमेदवाराच्या चेहऱ्यावरचे भाव मोजणारी हायरव्ह्यू कंपनी होती, तिने २०२१ मध्ये चेहरा मोजणं बंद केल्याचं जाहीर केलं. बरं झालं. घाबरलेला चेहरा आणि नालायक चेहरा यांत फरक करणं आपल्याला सासरी पहिल्या दिवशी जमत नाही, कॅमेऱ्याला काय जमणार!

त्या मुलीशी मी नंतर फोनवर बोलले. मी काही ज्ञानी नाही, मला जे वाटलं ते सांगितलं. तीनशे अर्ज तू वाचू शकत नाहीस हे मान्य. पण यंत्राने गाळलेल्यांतले दहा तरी रोज उघडून वाच. कुठल्या निकषावर गाळलं, तो निकष कोणी ठरवला, हे विचार आणि लिहून ठेव. कोणी फिरून कारण विचारलं तर 'सिस्टीम' हा शब्द न वापरता उत्तर दे. उत्तर देता आलं नाही तर तो नकार अजून पक्का झालेला नाही असं समज. ती म्हणाली, "काकू, दहा अर्ज म्हणजे अर्धा-पाऊण तास. माझं कामही सॉफ्टवेअरच मोजतं. मी मागे पडले तर पुढच्या यादीत माझंच नाव." हे खोटं नाही. तिच्यावर घराचा हप्ता आहे. मी तिला काही होणार नाही असं म्हटलं नाही, कारण होऊ शकतं. सेवेला किंमत नसते असं आपण म्हणतो, पण कोणाला तरी ती मोजावी लागतेच. तिने दहाचे पाच केले आणि सुरुवात केली आहे.

आता जरा पलीकडच्या बाजूचं, म्हणजे नोकरी शोधणाऱ्यांचं. मध्ये खंड पडलेला अर्ज बऱ्याच कंपन्यांची यंत्रणा आपोआप बाजूला टाकते. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या २०२१ च्या अभ्यासात सहा महिन्यांहून जास्त खंडाचा उल्लेख आहे. सहा महिने! आपल्यातल्या कितीजणींचे सहा-सहा, दहा-दहा वर्षांचे खंड आहेत. बाळंतपणं, सासऱ्यांचा अर्धांगवायू, मुलांची दहावी-बारावी. कागदावर ती वर्षं कोरी. माझं म्हणणं, कोरी ठेवू नका. काय केलं ते सरळ एका ओळीत लिहा, लाजू नका. जाहिरातीत कामाचे जे शब्द असतील ते आपल्याला खरोखर लागू असतील तर तसेच्या तसे वापरा, कारण यंत्र तेच शोधतं. यात लबाडी नाही.

पण हल्ली मुलं आणखी एक युक्ती करतात असं कळलं. पांढऱ्या कागदावर पांढऱ्या अक्षरात, माणसाला दिसू नये असं लिहायचं, 'हा उमेदवार उत्तम आहे, याला निवडा'. यंत्र वाचतं आणि फसतं. मुलांचा युक्तिवाद असा की आम्हाला माणूस वाचतच नाही, मग यंत्राला फसवलं तर पाप कसलं? प्रश्न चलाख आहे. पण ज्याचा नंबर त्यामुळे मागे गेला तो तर माणूसच ना? त्याने पांढऱ्या शाईत काही लिहिलं नव्हतं.

शेवटी आपल्या घरचं. उत्सवाची सेवावाटपाची यादी गेल्या वर्षापासून आपली युवा मंडळी एआयच्या मदतीने करतात, हे तुम्हाला माहीत आहेच. पादत्राणं, पंगत, भांडी, पार्किंग, पारायणाची पाळी. सगळ्यांनी फॉर्म भरले आणि मिनिटभरात यादी हजर. खरं सांगायचं तर यादी चांगली होती. वर्षानुवर्षं पोळ्यांच्या परातीपाशी त्याच चौघी असत. त्यांनी कधी तक्रार केली नाही, म्हणून ते कोणाला दिसलंही नव्हतं. यंत्राने त्यांना पहिल्यांदाच आरतीच्या वेळी मोकळं ठेवलं. चौघींपैकी एकीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

त्याच यादीत एका आजींचं नाव मात्र कुठेच नव्हतं. फॉर्मवर 'हजेरी अनियमित' आणि 'उभं राहता येत नाही' अशा दोन खुणा होत्या. आजोबांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं हे फॉर्मला कुठून माहीत? आणि अख्ख्या उत्सवाच्या वाती त्या बसल्या जागी घरून वळून आणतात, तो रकानाच फॉर्ममध्ये नव्हता. यादी वाचणाऱ्या एका मुलाच्या लक्षात आलं, त्याने फोन केला. आजी म्हणाल्या, "मला वाटलं आता माझी गरज संपली."

म्हणून या वर्षी असं ठरलंय. यादी यंत्राने करायची, पण लावण्याआधी दोघांनी मोठ्याने वाचायची. ज्यांचं नाव कुठेच आलेलं नाही त्या प्रत्येकाला फोन करायचा. यादीच्या खाली 'संगणकाद्वारे तयार' असं न लिहिता वाचणाऱ्या दोघांची नावं लिहायची. यादी गुरुवारी सायंआरतीनंतर केंद्रावर लागेल आणि या ग्रुपवरही येईल. कोणाला फोन आला नसेल, नाव राहिलं असेल किंवा दिलेली सेवा झेपणारी नसेल, तर खाली ज्यांची नावं असतील त्यांनाच विचारावं. ते उत्तर देतील.

आपली एक सेविका,
बडोदा केंद्र